कोरड्यास कशाचं? – रानातले मांस, पोषण आणि आपली मदत

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २५:२७-३४, उत्पत्ती २७:१-१४, लेवीय १७:१३, अनुवाद १४:४-५, अनुवाद २२:६-७, याकोब २:१५-१६



गेल्या नाताळाच्या आधी आम्ही इंदापूर तालुक्यातील एका पारधी वस्तीवर मदतीच्या पिशव्या घेऊन गेलो होतो. प्रत्येक पिशवीत पाच किलो तांदूळ, दोन किलो साखर, एक किलो तेल, चहापत्ती आणि मुलांसाठी बिस्किटांचे पुडे होते. प्रार्थना झाली, वाटप झाले, फोटोही काढून झाले. एका आजीने आपली पिशवी तिथेच पुढ्यात रिकामी केली, एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि मला विचारले, "ताई, समदं चांगलं हाय. पण कोरड्यास कशाचं करायचं?"

मी म्हणाले, "आजी, पूर्वी कशाचं करायचात?"

आजी हसल्या. "तित्तर असायचा, लावरी असायची. ससा घावला तर समद्या पालांवर वाटा जायचा. आता हात लावला तर जेल." एवढे बोलून त्यांनी वस्तू पुन्हा पिशवीत भरल्या.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी आल्यावर पोषणाची पुस्तके आणि पवित्र शास्त्र असे दोन्ही समोर ठेवून बसले. त्यातून जे शिकायला मिळाले ते या पाठात मांडत आहे. शिकार पुन्हा सुरू व्हावी असे सांगण्याचा हेतू नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या माळांवर आता जनावरेही फारशी उरलेली नाहीत. प्रश्न एवढाच आहे : रानातल्या मांसातून या लोकांना काय मिळत होते, आणि ते गेल्यावर त्या जागी आपण काय ठेवले?

१. शास्त्रातील शिकारी

आपल्यापैकी काहींना शिकारी समाजाच्या जेवणाची किळस वाटते. "ते काहीही खातात" हे वाक्य मी मंडळीतल्या लोकांकडूनही ऐकले आहे. म्हणून आधी शास्त्राकडे वळू.

एसाव हा रानात फिरणारा पारधी होता आणि इसहाकाला त्याच्या शिकारीचे मांस आवडत असे. म्हातारपणी आशीर्वाद देण्यापूर्वी इसहाकाने मागितले ते रानातल्या मांसाचे रुचकर जेवणच. अनुवादाच्या १४ व्या अध्यायात खाण्यास योग्य प्राण्यांची यादी आहे. तिच्यात बैल, मेंढा व बोकड यांच्यापाठोपाठ हरीण आणि रानातले इतर खूर दुभंगलेले प्राणी येतात. शलमोन राजाच्या रोजच्या भोजनातही हरणांचे मांस असे (१ राजे ४:२३). म्हणजे शिकारीचे मांस हे हीन अन्न आहे असे शास्त्र कुठेही म्हणत नाही.

मात्र शिकारीला मर्यादा घातली आहे. शिकार करणाऱ्याने प्राण्याचे रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावे, असे लेवीय १७:१३ सांगते. घरट्यावर पक्षीण बसलेली आढळली तर पिलांबरोबर तिलाही धरू नये, तिला सोडून द्यावे, असे अनुवाद २२ मध्ये आहे. आईला सोडले तर पुढच्या वर्षी पुन्हा पिले होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण अगदी अशीच मर्यादा आपल्या शेजारच्या पारध्यांनीही पाळली होती.

२. आपल्या तालुक्यांतील शिकारी समाज

बारामती आणि इंदापूर म्हटले की आज ऊस, साखर कारखाने, द्राक्षे आणि डाळिंबे डोळ्यांसमोर येतात. नीरेच्या कालव्यांचे पाणी येण्यापूर्वी यातील बराचसा मुलूख गवताळ माळांचा होता. सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग पाहिला की त्याची थोडी कल्पना येते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि ते १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखले गेले. अशा माळांवर चिंकारा, काळवीट, ससे, तित्तर, लावे आणि घोरपडी असत, आणि त्यांच्यावर जगणारे समाजही असत.

माधव गाडगीळ, के. सी. मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील अशा तीन भटक्या समाजांचा अभ्यास केला होता. फासेपारधी, वैदू आणि तिरुमल नंदीवाले हे ते तीन समाज. यांपैकी तिरुमल नंदीवाल्यांचे भटके गट ठरावीक काळाने इंदापूर तालुक्यातील वडापुरी येथे एकत्र जमत. या अभ्यासात दिसले की तिघेही एकाच मुलखात फिरत असले तरी त्यांची शिकार निरनिराळी होती. फासेपारधी फास लावून काळवीट व पक्षी धरत, कधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने कळपाजवळ जात. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड मारत. वैदू लहान मांसाहारी प्राण्यांना सापळ्यात पकडत. त्यामुळे एकाचा घास दुसऱ्याने ओढून घ्यावा असे सहसा होत नसे.

फासेपारध्यांचा आणखी एक नियम या अभ्यासकांनी नोंदवला आहे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे. अनुवादातील घरट्याच्या आज्ञेशी हे किती मिळतेजुळते आहे पाहा! ज्यांना आपण बेलगाम समजत आलो, त्यांनी कोणी न सांगता अशी शिस्त पाळली होती.

या लोकांवर सरकारने मात्र वेगळाच शिक्का मारला. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्यास सुरुवात केली आणि पुढे पारधी समाजही त्या कायद्याखाली आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. पण वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचा पिढीजात धंदाच बेकायदा झाला. वन्यजीवांच्या दृष्टीने तो कायदा आवश्यक होता. तोवर माळ नांगरले गेले होते, बंदुका आल्या होत्या आणि काळविटांचे कळप आटले होते. परंतु ज्यांचे जेवण त्या कायद्याने थांबले त्यांच्या ताटात दुसरे काय वाढायचे, याचा विचार त्याबरोबर झाला नाही.

३. त्या मांसात काय होते?

आता पोषणाकडे येऊ. पुढील आकडे शंभर ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आणि ढोबळ आहेत. रानातल्या प्राण्यांचे आकडे परदेशी पोषणतक्त्यांतून घेतले आहेत.

जंगली ससा : प्रथिने सुमारे २२ ग्रॅम, चरबी २ ते ३ ग्रॅम, लोह सुमारे ३ मिलिग्रॅम
हरणाचे मांस : प्रथिने सुमारे २३ ग्रॅम, चरबी २ ते ३ ग्रॅम, लोह सुमारे ३ मिलिग्रॅम
लावा (कातडीसह) : प्रथिने सुमारे २० ग्रॅम, चरबी सुमारे १२ ग्रॅम, लोह सुमारे ४ मिलिग्रॅम
कोंबडीची अंडी (दोन) : प्रथिने सुमारे १३ ग्रॅम, चरबी सुमारे १० ग्रॅम, लोह २ मिलिग्रॅमपेक्षा थोडे कमी
तूरडाळ : प्रथिने सुमारे २२ ग्रॅम
तांदूळ : प्रथिने ७ ते ८ ग्रॅम, लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी

बाजारातल्या ब्रॉयलर कोंबडीत प्रथिने सशाइतकीच असतात, पण लोह साधारण तिसरा हिस्साच असते. रानातला प्राणी दिवसभर पळतो, त्याचे स्नायू लाल असतात, आणि मांसाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यांतच लोह असते.

लोहाची गंमत इथे संपत नाही. मांसातले लोह शरीर सहज शोषून घेते. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह त्या मानाने फारच कमी शोषले जाते. बाजरीत लोह भरपूर आहे, पण तिच्यातीलच काही घटक ते अडवून धरतात. जेवणात थोडेसे मांस किंवा मासळी असली, तर त्याच ताटातल्या भाकरीतले लोहही अधिक शोषले जाते. म्हणजे बाजरीची भाकरी आणि तित्तराचा रस्सा हे जेवण दोन्ही बाजूंनी रक्त भरून काढणारे होते. एका तित्तरात घरातल्या सगळ्यांना पोटभर मांस मिळत नसे. वाट्याला दोन फोडी आणि रस्सा यायचा, पण त्या दोन फोडींनीही भाकरीची किंमत वाढत असे.

यात ब-१२ या जीवनसत्त्वाचीही भर घाला. रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंसाठी ते लागते आणि निसर्गतः ते मांस, मासे, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. ज्या पालावर गाय-म्हैस नाही आणि दूध फक्त चहापुरते येते, तिथे शिकारीचे मांस हाच त्याचा मोठा आधार होता. जस्त हे मुलांच्या वाढीला लागणारे खनिजही त्यातून मिळत असे.

४. बर्फातल्या लोकांकडून एक धडा

निव्वळ शिकारीवर माणूस निरोगी राहू शकतो का, हा प्रश्न जगात फार पूर्वी विचारला गेला आहे. तो उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इन्युइट लोकांमुळे निर्माण झाला. तिथे शेती नाही आणि वर्षाचा बराच काळ भाजीपाला नाही. सील, देवमासा, कॅरिबू जातीचे हरीण आणि मासे हेच त्यांचे पारंपरिक अन्न. तरीही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग त्यांच्यात सहसा दिसत नसे. त्याचे कारण त्यांच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. ते बरेचसे मांस कच्चे किंवा अर्धे शिजवून खात, आणि देवमाशांच्या कातडीत व प्राण्यांच्या काळजात क जीवनसत्त्व असते. काळीज आणि चरबीतून त्यांना अ व ड जीवनसत्त्वे मिळत.

विल्यालमुर स्टेफान्सन नावाचा संशोधक बरीच वर्षे त्यांच्यात राहिला होता. १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो आणि त्याचा एक सोबती डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहारावर राहू लागले आणि सुमारे वर्षभर त्यांनी हा प्रयोग चालवला. स्टेफान्सनला सुरुवातीला मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले, तेव्हा तो काही दिवसांतच आजारी पडला. चरबी वाढवल्यावर बरा झाला. सशासारखे कोरडे मांस एकट्याने पुरे पडत नाही, हे ध्रुवाकडच्या लोकांना आधीपासून ठाऊक होते. आपल्या पारध्यांच्या ताटात मात्र भाकरी होती, शेंगदाणे होते. त्यामुळे मांसात जे कमी होते ते भाकरी भरून काढत असे.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याला अधिक लागू पडतो. कॅनडाच्या उत्तरेला दुकाने पोचली आणि शिकारीच्या जागी मैदा, साखर, गोड पेये आणि बटाट्याचे काप आले. तिथल्या आहाराच्या पाहणीत असे आढळले की ज्या दिवशी लोक आपले पारंपरिक मांस-मासे खातात, त्या दिवशी त्यांना प्रथिने, लोह व जस्त अधिक मिळते आणि साखर कमी जाते. दुकानातल्या अन्नाने त्यांची पोटे भरली, पण रक्त आणि दात बिघडले. आता आपली नाताळची पिशवी आठवा. तांदूळ, साखर, चहा, बिस्किटे. ध्रुवाकडच्या दुकानाने जे केले, तेच आम्ही प्रार्थना करून केले होते.

५. शिकार गेली, ताटात काय आले?

रेशनकार्ड असलेल्या प्राधान्य कुटुंबाला अन्नसुरक्षा कायद्यानुसार दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते. त्याचा फार मोठा आधार आहे. पण हिशेब करून पाहा. रोज माणशी सुमारे १६५ ग्रॅम धान्य, त्यातून प्रथिने १२ ते १७ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. बाकीची प्रथिने तिने कोठून आणायची? मोलमजुरी मिळाली तर डाळ येते, नाही तर तिखट-मीठ आणि भात. ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही, आणि पालावर राहणाऱ्यांत असे अनेक आहेत, त्यांना हे धान्यही विकत घ्यावे लागते.

रक्तक्षयाचा प्रश्न फक्त पारध्यांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील दर तीन बालकांपैकी सुमारे दोघांत रक्तक्षय आढळला. परंतु ज्या घरात डाळही नेमाने शिजत नाही तिथे त्याची झळ अधिक बसते.

सरकारी योजनांत इथे एक मोठी फट आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि लहान मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. पण ती अनुसूचित क्षेत्रासाठी आहे. आपल्या जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडचा डोंगरी आदिवासी भाग त्यात येतो, बारामती-इंदापूर येत नाही. पारधी हा अनुसूचित जमातीतच मोडतो, तरी आपल्याकडच्या पालावरची गरोदर बाई या जेवणापासून दूर राहते.

६. मग पिशवीत काय असावे?

रिबकेने रानातल्या मांसाच्या जागी घरच्या कळपातली दोन करडे शिजवली आणि इसहाकाला फरक कळला नाही. तिने फसवणूक केली, ते आपण शिकायचे नाही. पण रानातल्या घासाची जागा घरचा घास घेऊ शकतो, एवढे त्यातून घेता येईल. हिशेबाने निवडले तर स्वस्तातही ते जमते.

अंडी : बिस्किटाच्या एका पुड्याच्या किमतीत एक अंडे येते. त्यात सहा-सात ग्रॅम चांगली प्रथिने असतात आणि ब-१२ ही असते.

सुकट, जवळा, सुके बोंबील : वजनाला हलके, टिकाऊ, पालावर ठेवायला सोपे. काट्यासकट खाल्ले की कॅल्शियमही मिळते. वाटणात मूठभर सुकट पडली तरी भाकरीतले लोह अधिक लागू पडते.

उजनीचे मासे : इंदापूर तालुक्याला उजनी जलाशयाचा मोठा काठ लाभला आहे आणि भिगवणचा मासळीबाजार जवळ आहे. तिथली चिलापी इतर मासळीच्या मानाने स्वस्त मिळते.

काळीज : बोकडाच्या काळजाइतके लोह फार थोड्या पदार्थांत असते. महिन्यातून एक-दोनदा थोडे पुरते. त्यात अ जीवनसत्त्व फार असल्यामुळे गरोदर बाईने मात्र ते टाळावे.

हुलगे, तूरडाळ, शेंगदाणे : हुलग्याचे माडगे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. डाळीच्या जेवणावर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते.

चार गावरान कोंबड्या : पिशवी महिन्यात संपते, कोंबडी अंडी देत राहते. पारध्यांना पक्षी कसा सांभाळावा हे शिकवावे लागत नाही. बोलका तित्तर पिंजऱ्यात पाळून त्याच्या सादेवर रानातले तित्तर धरणारे हे लोक आहेत.

आणि चहापत्ती पिशवीतून काढावी. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह शोषू देत नाही. रक्त कमी असलेल्या बायांना आम्हीच तो वाटत होतो, हे लिहिताना मला लाज वाटते.

शाळेतही आपल्याला करता येण्याजोगे काम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला, पण लोकसहभागातून अंडी देण्याची मुभा राहिली. ज्या शाळेत पालावरची मुले जातात तिथे मुख्याध्यापकांना भेटून मंडळीने आठवड्याच्या अंड्यांची जबाबदारी घेतली, तर वर्गातल्या सगळ्याच मुलांना ते मिळेल आणि पारध्याचे मूल वेगळे काढले जाणार नाही. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांना केळे द्यावे. तसेच पालावरच्या मुलांची अंगणवाडीत नावे घालणे आणि रेशनकार्डाचे अर्ज भरून देणे, ही दोन कामे आपल्यातील सेवानिवृत्त शिक्षक-कर्मचारी सहज करू शकतात.

७. डाळ आणि जन्मसिद्ध हक्क

शेवटी पुन्हा एसावाकडे येऊ. एके दिवशी तो रानातून थकून, भुकेला होऊन परतला. घरी भाऊ मसुरेचे वरण शिजवत होता. एसावाने ते मागितले, आणि याकोबाने आधी त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क मागून घेतला, मग वाढले. आपण नेहमी एसावाला दोष देतो की त्याने हक्क तुच्छ मानला, आणि शास्त्र तसे म्हणतेही. पण मदत करणाऱ्याने याकोबाकडेही पाहावे. भुकेल्या पारध्याला वाढताना त्याने किंमत वसूल केली.

आपण पारध्याच्या पालावर अन्न नेतो तेव्हा त्याच्याकडून काय मागतो? फोटो? प्रार्थनासभेला हजेरी? त्याच्या जेवणाची लाज? अन्नाला कोणतीही अट लावू नये. याकोबाचे पत्र २:१५-१६ हेच सांगते. उघड्या व उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन पाठवले आणि शरीराला लागणारे दिले नाही, तर त्याचा काय उपयोग, असे तिथे विचारले आहे. शरीराला काय लागते हे समजून घेणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

या वर्षीच्या पिशवीत दोन किलो साखरेच्या जागी डाळ आणि हुलगे, चहाच्या जागी सुकट आणि बिस्किटांच्या जागी अंडी द्यावीत, अशी विनंती मी आमच्या समितीपुढे ठेवली आहे. देणगीदारांनी याला पाठिंबा द्यावा. आणि नेण्यापूर्वी आजींना विचारून यावे, की कोरड्यास कशाचं करायला आवडेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद २२:६-७ मधील आज्ञा आणि फासेपारध्यांचा गाभण मादी सोडण्याचा नियम यांत कोणते साम्य दिसते?

२. इतरांच्या खाण्याबद्दल आपल्या घरात कोणते शब्द वापरले जातात? प्रेषितांची कृत्ये १० मधील पेत्राच्या दर्शनाच्या प्रकाशात त्यांचा विचार करा.

३. आपल्या मंडळीने मागील वर्षी वाटलेल्या वस्तूंची यादी करा. त्यात प्रथिने व लोह देणाऱ्या किती होत्या?

४. आपल्या गावाजवळच्या पालावर किती मुले अंगणवाडीत जातात? कोणाकडे रेशनकार्ड नाही? पुढील सभेपूर्वी दोघांनी जाऊन पाहून यावे.

प्रार्थनेचे विषय : पालावरील गरोदर माता व बालके, उसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणारी कुटुंबे, आणि ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांचे आधी ऐकून घेण्याची नम्रता आपल्याला लाभावी म्हणून.